वाचण्याइतका उजेड

नळदुर्ग
१२ जून २०२५

अप्पा,

चार वर्षं चार महिने झाले. तुम्ही मोजत असाल म्हणून मीही मोजून लिहिते.

हे पत्र तुमच्या हाती येण्याआधी उघडलं जाईल, वाचलं जाईल आणि त्यावर 'तपासले' असा शिक्का बसेल, असं महालिंगप्पामामांनी सांगितलं. म्हणून आधी तपासणाऱ्या साहेबांना नमस्कार. साहेब, यात आक्षेप घेण्यासारखं काही नाही.

मामांचा हायवेवरचा ढाबा चालू आहे. मी तिथंच जेवते. "माझी बहीण जाताना तुम्हा दोघांना माझ्या गळ्यात बांधून गेली," हे अव्वाबद्दलचं वाक्य रोज पहिल्या भाकरीबरोबर येतं. घरात मी एकटी असते. मागचा पत्रा बदलला. शेत मामांनी वाट्यानं दिलं आहे.

मला नवीन काम मिळालं आहे. आपलं सरकार आणि नॉर्वे नावाचा उत्तरेकडचा देश यांनी मिळून एक योजना हाती घेतली आहे. तुरुंगातल्या खोल्या कशा असाव्यात, यासाठी त्यांची माणसं आपल्याकडं येतात, आपली तिकडं जातात. माझ्याकडं फक्त उजेड आहे. कोणत्या खोलीत, किती वाजता, किती उजेड पडतो, ते मी मोजते. मीटर तळहाताएवढा आहे. जगभरच्या देशांनी मिळून कैद्यांसाठी काही किमान नियम ठरवले आहेत. त्यातला चौदावा सांगतो की खिडकी एवढी मोठी असावी, की तिच्यातून येणाऱ्या उजेडात माणसाला वाचता किंवा काम करता यावं. नेमका किती उजेड, ते नियमात नाही. ते आम्ही ठरवायचं आहे.

आता दुसरी गोष्ट. तुमच्या एकवीस दिवसांच्या रजेचा अर्ज दोनदा फेटाळला गेला, ते मला माहीत आहे. मामा तिसऱ्यांदा करणार आहेत. या वेळी जामीनदार घरातलाच हवा, म्हणजे मी. त्यांनी हमीपत्र आणून दिलं. नाव, पत्ता, नातं, सगळं भरलं. रकाना सात राहिला आहे. 'गुन्ह्याची हकीकत, जामीनदारास माहीत असल्याप्रमाणे, स्वहस्ताक्षरात.' पाच ओळी आहेत.

कोर्टाच्या कागदावरून उतरवून काढणं अवघड नाही. आरोपी गुरुसिद्धप्पा याने रानडुकरांपासून मका राखण्यासाठी शेताच्या कडेने उघडी तार ओढून तीत वीज सोडली. पहाटे वीज बंद करण्यास तो विसरला. शेजारी कोंडीराम हे तारेला चिकटून मयत झाले. एवढंच.

मी अजून लिहिलेलं नाही. का, ते विचारू नका. शेवटची तारीख ऑक्टोबरची आहे.

तुमच्याकडून एक माहिती हवी होती. तुमच्या जागेवर ऊन किती वाजता येतं आणि किती वाजता जातं?

शिवरंजनी


नळदुर्ग
३ जुलै २०२५

अप्पा,

तुमचं कार्ड मिळालं. सहा ओळी. मी त्या माझ्या वहीत उतरवून घेतल्या. तुम्ही लिहिलंत, "रंजी, बराकीला खिडक्या सहा. माझी जागा तिसरीखाली. नऊला ऊन येतं, पावणेदहाला जातं. चटईएवढा पट्टा. तेवढ्या वेळात पोथीचं बारीक अक्षर लागतं, मग न्हाय. पंपाच्या मोटारी बांधायचं काम दिलंय, हात बसलेला हाय. साकु."

'साकु' वाचून थांबले. पुरे म्हणताना अजून तुमच्या तोंडी कानडीच येतं.

खिडक्यांच्या आकड्यावर कुणीतरी निळ्या शाईनं काट मारली आहे. साहेब, तो आकडा मी विसरले. वेळ मात्र ठेवून घेते.

तुम्ही मला काहीच विचारलं नाहीत. मी भेटायला का आले नाही, हे विचाराल असं धरून मी एक उत्तर तयार ठेवलं होतं. ते आता माझ्याकडंच राहिलं.

काम सुरू आहे. तुळजापूर रस्त्याच्या पलीकडं, मुरमाच्या माळावर आम्ही एक नमुन्याची खोली बांधतो आहोत. दहा फूट बाय आठ. खऱ्या तुरुंगात भिंती फोडण्याआधी खिडकी कुठं आणि केवढी असावी, ते इथं पाहायचं. खिडकीची चौकट सरकवता येते. दाराला कुलूप नाही, लावायचंही नाही. तरी गवंडी दुपारी सावलीला तिच्यात बसत नाहीत. बाहेर बाभळीखाली बसतात. मी कारण विचारलं तर त्यांच्यातला एक म्हणाला, "मॅडम, खोली चांगली हाय. पर तिचं नाव खराब हाय."

तुमचा पट्टा मी कागदावर काढला. नऊ ते पावणेदहा, चटईएवढा. त्यावरून खिडकीची उंची आणि दिशा निघते. तुम्ही उत्तरेला डोकं करून झोपता. अव्वा असती तर ओरडली असती.

शिवरंजनी


नळदुर्ग
२७ जुलै २०२५

अप्पा,

नॉर्वेहून इंगर आल्या आहेत. वय एकसष्ट. तीस वर्षं तुरुंगात अधिकारी होत्या, आता दोन देशांच्या या कामासाठी फिरतात. उंच आहेत, हळू बोलतात, आणि समोरचा बोलून थांबला की लगेच बोलत नाहीत. तेवढ्या शांततेत माणूस नको ते सांगून बसतो. मी सावध असते.

मामांकडं जेवायला नेलं. त्यांनी शेंगाचटणी तीनदा मागून घेतली. मामा खूश. मला म्हणाले, "हिला इचार, तिकडं कैद्यालाच खोलीची किल्ली देत्यात म्हणं. खरं का?"

मी विचारलं. इंगर म्हणाल्या, काही ठिकाणी देतात. खोलीची, फाटकाची नाही.

"मग मला बी आत टाका म्हणावं," मामा म्हणाले. "हितं माझ्या खोलीची किल्ली तुझ्या मामीकडं हाय. अन् फाटकाची बी."

मी भाषांतर केलं. इंगर इतक्या हसल्या की बाजूच्या ट्रकवाल्यांनी वळून पाहिलं.

मग त्या म्हणाल्या, "आमच्याकडं कैदी आत आला की पहिल्याच आठवड्यात आम्ही एक गोष्ट लक्षात आणतो. हा एक दिवस सुटणार आणि कुणाचा तरी शेजारी होणार. तुम्हाला शेजारी कसा हवा, त्यावर त्याला आत कसं ठेवायचं ते ठरतं."

हे मी मामांना सांगितलं. त्यांनी गल्ल्यावरचा हात काढून घेतला. म्हणाले, "शेजाऱ्याचं नको काढू म्हणावं बाई. आमचं तितंच अडलंय."

ते मी भाषांतरात गाळलं.

जेवण झाल्यावर इंगरनी मला सहज विचारलं, तुझ्या ओळखीचं कुणी तुरुंगात आहे का? मी 'नो' म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि बडीशेप घेतली.

त्यांची गाडी गेल्यावर मामा टेबल पुसत होते. पुसून झालेलं टेबल पुन्हा पुसत होते. न बघता म्हणाले, "तेवढं इंग्रजी मला बी येतं, रंजी."

"कामाच्या ठिकाणी घरचं सांगायचं नसतं, मामा."

"व्हय. दाजींनी बी कोर्टात घरचं सांगितलं न्हाय." आणि फडकं झटकून आत गेले.

मामांना काय माहीत आहे आणि काय नाही, ते मी कधी विचारलं नाही. मी 'नो' म्हणाले हे ते तुम्हाला भेटीत सांगतील, म्हणून आधी मीच कळवते.

शिवरंजनी


नळदुर्ग
१७ ऑगस्ट २०२५

अप्पा,

बोरी नदी भरली आहे. किल्ल्यातला बंधारा ओसंडून वाहतो आहे. इंगरना पाणीमहाल दाखवायला नेलं.

मी सात वर्षांची असताना तुम्ही मला तिथं नेलं होतं. पायऱ्या उतरून बंधाऱ्याच्या पोटातल्या त्या खोलीत गेलो. वरून नदी जात होती आणि आपण तिच्या आत कोरडे उभे होतो. समोर पाण्याचा पडदा. बाहेरचं ऊन त्या पडद्यातून गाळून येत होतं, आणि भिंत, छत, तुमचा सदरा, सगळं हलत होतं. तुम्ही म्हणालात, "पाण्यातून आलेला उजेड गार असतो. हात लावून बघ." मी भिंतीवर हात ठेवला. भिंत गार होती. उजेड गार आहे असं मी कितीतरी वर्षं खरं मानत होते. पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षापर्यंत.

या वेळी मी मीटर नेला होता. पाण्याच्या पडद्याजवळ ८९० लक्स, आतल्या भिंतीशी ४१०. वाचायला तीनशे पुष्कळ होतात. म्हणजे नदीच्या पोटात बसून पोथी वाचता येते. मागच्या महिन्यात मी एका बराकीत भर दुपारी ३५ मोजले आहेत.

इंगरनी भिंतीवर हात ठेवून पाहिला. त्यांच्या गावी हिवाळ्यात सूर्य महिना दीड महिना वर येत नाही. दुपारी तासभर असाच निळसर उजेड असतो, म्हणाल्या. मग पाण्याकडं पाहतच त्यांनी त्यांच्याकडची एक पद्धत सांगितली. ज्याच्या हातून गुन्हा झाला तो आणि ज्यांचं नुकसान झालं ते, दोघं तयार असतील तर एका टेबलाशी बसतात. मध्ये एक तिसरा माणूस असतो. तो निवाडा करत नाही. निवाडा कोर्टानं केलेलाच असतो.

"मग कशासाठी बसतात?" मी विचारलं.

"उद्या एकमेकांच्या दारावरून जायचं असतं म्हणून."

"आधी कोण बोलतं?"

त्या माझ्याकडं वळल्या. "ज्याला खरं माहीत आहे तो."

पाण्याचा आवाज मोठा होता. मला ऐकू आलं नाही असं मी दाखवलं.

आता स्वप्नाबद्दल लिहिते. ते मला किती वर्षं पडतं, याची नोंद मी ठेवलेली नाही. मी पाणीमहालात आहे. पडद्याच्या पलीकडं तुम्ही आहात. तुमच्या हातात एक बल्ब आहे, विझलेला. पाणी पडतं पण आवाज नाही. मी मीटर धरते, तो शून्य दाखवतो. तरी मला सगळं दिसत असतं. भिंतीच्या दगडांमधला चुना, तुमच्या कपाळावरचं भस्म, माझ्या नखांची मेंदी. शून्यात एवढं दिसायला नको. मीटर बिघडला आहे म्हणून मी तो झटकते, आणि जाग येते.

मीटर मी दोनदा तपासून आणला. बरोबर आहे.

शिवरंजनी


नळदुर्ग
९ सप्टेंबर २०२५

अप्पा,

नमुन्याची खोली पूर्ण झाली. काल मी तिच्यात सकाळी सहा ते संध्याकाळी सहा बसले. दर अर्ध्या तासाला सात ठिकाणी मीटर ठेवायचा, आकडा लिहायचा. मदतनीस देऊ केला होता. मी नको म्हटलं.

खिडकी मी तुमच्या बराकीसारखी लावली. तेवढीच उंच, तेवढीच अरुंद. आधी वाईट कसं आहे ते मोजायचं, मग सुधारायचं, हा आमचा क्रम.

सात वाजता भिंती राखाडी होत्या. आठला त्या जवळ आल्यासारख्या वाटल्या, मोजल्या तर तेवढ्याच. बरोबर नऊला, म्हणजे नऊ वाजून दोन मिनिटांनी, कोपऱ्यात उन्हाचा पट्टा पडला. मी चटई तिथं सरकवली आणि तुमच्यासारखी बसले. पट्टा आधी पायावर आला, मग गुडघ्यावर, मग हातातल्या कागदावर. कागद म्हणजे हमीपत्र. रकाना सात पांढराशुभ्र झाला. त्यात पाच रिकाम्या ओळी इतक्या स्पष्ट होत्या की डोळे मिटावे लागले.

पावणेदहाला पट्टा गेला. एका मिनिटात ६२० वरून ४८. आकडा लिहिताना मला वाटलं, तुम्ही आता पोथी मिटली असेल.

मग दुपार झाली आणि मला झोप लागली असावी, कारण दीडचा आकडा वहीत नाही. माझ्या वहीत आजवर एकही आकडा राहिलेला नाही. झोपेत खोली वाहत होती. मुरमाचा माळ नदीसारखा सरकत होता आणि खोली त्यावर होडीसारखी. खिडकीतून एकेक वर्ष जात होतं. तुम्ही मोटारीच्या कॉइलला तांब्याची तार गुंडाळत होतात आणि मोजत होतात, आणि प्रत्येक वेढ्याला मी एक बोट वर करत होते. लहानपणी करायची तसं. चारशे वेढे झाले तरी तुम्ही थांबला नाहीत.

जाग आली तेव्हा दार उघडंच होतं. पलीकडं बाभूळ, तिच्याखाली एक शेळी. बाहेर जायला काहीच अडचण नव्हती. मी बारा तास बाहेर गेले नाही. दाराला कुलूप नसतानाही माणूस आत बसून राहू शकतो, ही नोंद अहवालात कुठं लिहायची ते मला कळलं नाही. लिहिली नाही.

अप्पा, तुमच्या मागच्या कार्डाच्या शेवटी तुम्ही लिहिलंत, "फॉर्मचा घोर करू नको. कोर्टात जे सांगितलं तेच लिही. तू झोपली व्हतीस. साकु."

ते वाक्य मला पाठ आहे. त्या दिवशी पोलिसांची गाडी यायच्या आधी तुम्ही ते मला दोनदा म्हणायला लावलं होतं.

शिवरंजनी


नळदुर्ग
४ ऑक्टोबर २०२५

अप्पा,

थोडक्यात लिहिते.

हवालदार चौकशीला आले होते. रजेवर आलेला माणूस कुठं राहणार, घरात कोण, गावात कुणाची हरकत. ओटा पाहून झाल्यावर ते पलीकडं तारामतीकाकूंकडं गेले. कोंडीरामकाकांच्या नंतर त्या आणि त्यांची हर्षाली, दोघीच असतात. हर्षाली आता बारावीला आहे.

पाच मिनिटांत हवालदार परत आले.

"न्हाय म्हणत्यात," ते म्हणाले.

"काय म्हणाल्या नेमकं?"

"बाई कोड्यात बोलती. काय तरी 'आरोपी घरीच हाय' म्हणती. मागल्या दोन्ही टायमाला बी तेच. म्या हरकत लिहितो, दुसरं काय लिहू?" त्यांनी डायरी मिटली. "तुमचा फॉर्म बी अर्धाच हाय मॅडम. वीस तारखेपर्यंत द्या, न्हायतर ह्या वर्षी गेलं."

ते गेल्यावर मी ओट्यावर बराच वेळ उभी होते. दोन घरांच्या मध्ये शेवग्याचं झाड आहे. काकूंचं दार उघडं होतं. आत त्या पाठमोऱ्या दिसत होत्या.

सहा वर्षांत मी त्या दारात गेलेली नाही. चाळीस पावलं आहेत.

शिवरंजनी


नळदुर्ग
१९ ऑक्टोबर २०२५

अप्पा,

हे पत्र तुमच्या आधी साहेब वाचतील. या वेळी त्यांनी नीट वाचावं अशी माझी इच्छा आहे. आजवर मी जपून लिहिलं ते त्यांच्यामुळंच. आज सगळं लिहिते, तेही त्यांच्यासाठीच.

रकाना सात मी भरला. पाच ओळी पुरल्या नाहीत, मागं कागद जोडला. त्यात हे आहे.

२०१९ ची दिवाळी. मी एकोणीस वर्षांची, पॉलिटेक्निकच्या तिसऱ्या वर्षाला, सुट्टीला घरी आलेली. मक्याच्या कडेनं तार अप्पांनी लावली. अशी थेट वीज सोडू नये हे दोघांनाही माहीत होतं. अप्पांना मोटारी बांधण्याच्या धंद्यामुळं, मला शिक्षणामुळं. जीव न घेणारं झटका मशीन आणेपर्यंत चार रात्री, असं ठरलं. रात्री नऊला वीज सोडायची ती अप्पांनी. पहाटे पाचला, माणसं रानात निघायच्या आधी, बंद करायची ती मी. तार चालू असली की स्विचच्या पेटीवर झिरोचा बल्ब जळेल अशी सोय अप्पांनी केली होती.

चौथ्या पहाटे मी बॅटरी घेऊन पेटीपाशी गेले. बल्ब विझलेला होता. मला वाटलं, लाईट गेली. लाईट नाही म्हणजे तारेत काही नाही. दांडा खाली न ओढता मी परत आले आणि झोपले. हाताला मेंदी होती, दांड्याला दव होतं, हेही कारण असेल. लाईट गेलेली नव्हती. बल्ब उडाला होता. सबस्टेशनची त्या रात्रीची नोंद मी नंतर स्वतः पाहिली. पुरवठा एकदाही खंडित झाला नव्हता.

पावणेसहाला कोंडीरामकाका सुटलेली म्हैस शोधत आले.

कोर्टात शपथेवर मी सांगितलं की मी झोपले होते आणि पेटी अप्पाच पाहायचे. ते खोटं होतं. ते मला अप्पांनी सांगायला लावलं, पण सांगितलं मी.

अप्पा, तार तुम्ही लावली. तो गुन्हा तुमचा आहे आणि मी तो कमी करत नाही. पण 'बंद करायला विसरला' हे तीन शब्द माझे आहेत. तुम्ही ते चार वर्षं अंगावर घेऊन बसला आहात. मी विसरलेही नव्हते. मी पाहिलं होतं, आणि विझलेल्या दिव्यावर विश्वास ठेवला होता. तेव्हापासून मी उजेड मोजते आहे.

रागवा. पण पुढचं वाचा.

काल सकाळी मी ती चाळीस पावलं गेले. काकू ओसरीवर झेंडूच्या माळा ओवत होत्या. दिवाळीला त्या तुळजापूरच्या दुकानांना माळा देतात. माझ्याकडं पाहिलं आणि दुसरी सुई पुढं सारली. "बस. ओव."

मी बसले. एकवीस फुलं ओवून झाली. ऊन शेवग्यातून खाली येत होतं, ओसरीवर सगळीकडं हलत होतं, पाणीमहालासारखं. बाविसाव्या फुलाला मी बोलायला सुरुवात केली. वर लिहिलं आहे ते सगळं, त्याच क्रमानं, वेळेसकट. काकूंचा हात थांबला नाही. मी थांबले तेव्हा त्यांनी दोऱ्याला गाठ मारली, दातानं तोडला.

"म्या बघितलं व्हतं तुला," त्या म्हणाल्या. "बॅटरी घेऊन पेटीपाशी. म्हशीची दावण सुटली म्हणून म्याच यांना उठवलं. म्हणलं, जावा, तार बंद झाली, पोरगी आत्ताच बंद करून गेली."

अप्पा, हे मला माहीत नव्हतं. तुम्हाला होतं का?

मी सुई खाली ठेवली. काकूच बोलल्या. "पोलिसाला सांगितलं असतं तर तुला नेली असती. माझी हर्षाली तवा अकरा वर्षांची. तुझ्याकडं बघितलं की तीच दिसायची. गप बसले. पर म्हणलं, ही यील. शिकलेली हाय, आज न्हाय उद्या यीलच. तू दारावरनं जायचीस अन् मान खाली घालायचीस. सहा दिवाळ्या, रंजे."

"काकू, हवालदाराला तुम्ही..."

"मग काय सांगू? तो इचारतो, आरोपी घरी आला तर चालंल का. आरोपी घरीच हाय की, म्हणलं. त्याला कळंना, त्यात माझा काय दोष?" आणि त्या हसल्या. खरंच हसल्या. मग पदर तोंडाला लावला आणि तो बराच वेळ काढला नाही.

हर्षाली चहा घेऊन आली. तिनं आमच्या दोघींकडं पाहिलं, कप खाली ठेवले आणि परत आत न जाता उंबऱ्यावरच बसली. मी तिलाही सांगितलं. ती म्हणाली, "मला ठाऊक हाय. आईनं मागच्या वर्षी सांगितलं." थोड्या वेळानं म्हणाली, "मी अजून तुमच्यावर रागावलेली आहे, ताई." मी म्हटलं, बरोबर आहे. तिनं चहा माझ्याकडं सरकवला.

निघताना काकू म्हणाल्या, "मी हरकत काढते. तुझा बाप येऊ दे. पर आधी माझ्या दारी यायचं, मग सोताच्या. अन् तू बी लिहून दे. तुझ्या अक्षरात."

दिलं. हमीपत्र आणि वेगळा जबाब, दोन्ही आज ठाण्यात दिले. हवालदारांनी काकूंची सही घेतली आणि माझा जबाब दोनदा वाचला. म्हणाले, "मॅडम, हे तुमच्यावर येईल." मी म्हटलं, माहीत आहे. पोच घेतली. खोट्या साक्षीसाठी माझ्यावर काय कारवाई होईल, ते वकील दिवाळीनंतर सांगतील. रजा मंजूर होईल की माझ्या जबाबामुळं कागद पुन्हा फिरेल, हेही आज कुणाला सांगता येत नाही.

इंगरना फोन केला. सांगितलं की जुलैत मी 'नो' म्हणाले ते खरं नव्हतं, आणि का. त्या नेहमीसारख्या थांबल्या. मग म्हणाल्या, "टेबलाशी आधी कोण बोललं?" मी म्हटलं, मी. अहवालावर माझं नाव राहील की नाही, ते वरचे लोक ठरवतील. अहवाल पूर्ण आहे. दीडच्या आकड्याची जागा मी रिकामी ठेवली आणि समोर 'मापन झाले नाही' असं लिहिलं.

मामांना सांगितलं तर त्यांनी भाकरी थापता थापता डोळे पुसले आणि मामीवर धूर केल्याबद्दल ओरडले. चूल गॅसची आहे.

काल ते स्वप्न पडलं. पाणी होतं, तुम्ही होतात. मीटर नव्हता. मी शोधलाही नाही.

साहेब, आता तुम्हाला एक विनंती. हे पत्र तुम्ही वाचलंत, शिक्का मारलात, की अप्पांना संध्याकाळी देऊ नका. ट्यूबलाईटखाली त्यांच्या डोळ्यांना त्रास होतो. सकाळी नऊ ते पावणेदहाच्या मध्ये द्या. तेव्हा त्यांच्या जागेवर वाचण्याइतका उजेड असतो.

तुमची
रंजी